बावीसला ओठ मिटतात

आवाजताईला अठरा वर्षांनी पहिली भूमिका मिळाली, आणि तीही न बोलण्याची.

हसू आलं ना? तिलाही आलं होतं. अठरा वर्षं जिनं निव्वळ बोलून पोट भरलं, पडद्यावरच्या दुसऱ्या बाईच्या तोंडात आपले हुंदके, रुसवे आणि किंकाळ्या घातल्या, तिला दिग्दर्शक काय म्हणतो, तर "ताई, आईचं काम आहे. एकच प्रसंग. संवाद एकही नाही. मुलगी बोलते आणि आई ऐकते. कानाला हेडफोन लावून तुमच्याइतकं कोण ऐकतं इथं?" आवाजताईनं तीनदा 'नको' म्हटलं. चौथ्यांदा म्हणायच्या आत तिच्या मनानं 'हो' म्हणून टाकलं होतं.

तिचं काम डबिंगचं. सिनेमा चित्रित होतो तेव्हा सेटवर जो आवाज घेतात तो तात्पुरता. खरा आवाज नंतर भरायचा, एका काळोख्या खोलीत, पडद्यावर हलणाऱ्या ओठांबरहुकूम. त्या खोलीचे कायदे कडक. हलायचं नाही, कपड्यांची सळसळ माइकमध्ये येते. कडक इस्त्री नको. पोट रिकामं नको, गुरगुरतं. भरलेलं नको, ढेकर येतो. हात मागे बांधायचे, नजर पडद्यावरच्या ओठांना चिकटवायची आणि जे काय रडायचं, हसायचं, तडफडायचं ते गळ्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. अशी अठरा वर्षं गेली. ऐकणाऱ्याला वाटावं हिच्या काळजाचं पाणी झालंय, आणि बघणाऱ्याला वाटावं ही बाई लिफ्टची वाट बघत उभी आहे.

आणि हा आवाज जायचा कुणाला? मॅडमना. मॅडम म्हणजे गेली अठरा वर्षं पंचविशीतच थांबलेली नायिका. रूप असं, की कॅमेरा पुसणारासुद्धा पुसता पुसता थांबे. आवाज मात्र देवानं घाईत दिलेला. फुटक्या पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. पहिल्या सिनेमाच्या खासगी खेळाला पडद्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि प्रेक्षागृहात हशा पिकला, नेमका नायकाच्या मरणाच्या प्रसंगी. त्या दिवसापासून मॅडमचा आवाज कुणी ऐकला नाही. काही सांगायचं झालं तर त्या केशभूषेवालीच्या कानात सांगत आणि ती जगाला सांगे. कॅमेऱ्यापुढे तर त्या संवादही म्हणत नसत. आकडे म्हणत. एक, दोन, तीन, चार, अगदी हळू, नुसते ओठ हलवत. मॅडमचं आणि पाठांतराचं हाडवैर आहे, असं सगळं युनिट छातीठोकपणे सांगे.

त्या आकड्यांवर शब्द बसवणं ही आवाजताईची खरी कारागिरी. आठला तोंड उघडतं, तिथे 'आई' बसतं. बावीसला ओठ मिटतात, तिथे 'बाबा' बसवायचं. पंचवीसला 'मला'. तिला हे झोपेतसुद्धा यायचं. मॅडमनी सत्तावीस म्हटलं की प्रेक्षक रुमाल काढत, आणि त्या रुमालांवर खरा हक्क कुणाचा हे कुणाला ठाऊकही नव्हतं.

हेच तिला सलत होतं, दुसरं काही नाही. दर समारंभात कुणीतरी भेटायचंच. "सिनेमात असतेस ना? मग दिसत कशी नाहीस?" शेवटी तिच्या भाचीनं तर सरळ विचारलं, "मावशी, तू खरंच असतेस की नुसतं सांगतेस?" हसण्यावारी नेलं तिनं, पण घाव बसला तो बसलाच. वय शेहेचाळीस. एकदा, फक्त एकदा, आपलं तोंड लोकांनी बघावं आणि म्हणावं, ही बघा, ही ती. एवढीच तिची हाव होती. माणसानं इतकीही हाव धरू नये का?

तर सोमवारी चित्रीकरण. सेट म्हणजे तीन भिंतींचं स्वयंपाकघर. टेबलाशी बसून आई वाटाणे सोलतेय. घर सोडून गेलेली मुलगी इतक्या वर्षांनी दारात येते, समोर बसते आणि सांगते, की आई, बाबा गेले तेव्हा मी आले नाही, कारण तू मला माफ करशील याचीच मला भीती वाटत होती. आईनं फक्त ऐकायचं. मग सोललेले दाणे मुलीच्या पुढ्यात सरकवायचे. संपला प्रसंग.

दिग्दर्शकाला युनिटमध्ये 'अजूनएक' म्हणत, कारण कितीही छान झालं तरी तो म्हणे, "सुरेख. अजून एक." पहिल्याच वेळी त्यानं कॅमेरा थांबवला.

"ताई, तुम्ही वाटाणे चोरताय का?"

"नाही हो. का?"

"शेंग फोडलीत तर आवाज होतो. होऊ दे. तुम्ही बॉम्ब निकामी केल्यासारख्या सोलताय."

खरंच होतं ते. माइकच्या भीतीनं तिनं पाच शेंगा सोलल्या, पण एकीचाही 'टक्' झाला नव्हता. दुसऱ्या वेळी तिनं शेंगा दणादण फोडल्या, पण चेहरा असा की, दिग्दर्शक म्हणाला, बँकेतला कारकून बरा. "ताई, काहीतरी होऊ द्या चेहऱ्यावर. मुलगी आलीय तुमची!" तिनं भुवया वर नेल्या. "खाली घ्या, खाली घ्या," तो घाईघाईनं म्हणाला.

आणि तिसऱ्या वेळी व्हायचं ते झालं. मॅडम समोर बसल्या. डोळ्यांत पाणी आणलं, ते त्यांना सुरेख येई. ओठ हलू लागले. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस… बावीसला ओठ मिटले, आणि आवाजताईच्या तोंडून, वाटाणे सोलणाऱ्या आईच्या तोंडून, मॅडमचा तो जगप्रसिद्ध मखमली आवाज खणखणीत बाहेर पडला:

"बाबा गेले तेव्हा मी आले नाही…"

जित्याची खोड, दुसरं काय! ओठ दिसले की शब्द भरायचे, याची अठरा वर्षांची सवय. बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं आणि तिनं तोंडावर हात दाबला, तोही वाटाण्यांसकट. शिडीवरचा लाइटवाला खुदकन हसला, आणि एकदा बांध फुटल्यावर कोण कुणाला आवरणार? चहावालासुद्धा हसत होता, आणि त्याला काय झालंय हेही नीट माहीत नव्हतं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. लालेलाल होऊन उठल्या आणि मेकअपच्या खोलीत जाऊन बसल्या. सगळ्यांच्या समक्ष, भर उजेडात, त्यांचा आवाज दुसऱ्याच बाईच्या तोंडून निघाला होता. पाच मिनिटांनी केशभूषेवाली निरोप घेऊन आली. "मॅडम म्हणतात, ही बाई बदला."

अजूनएकनं डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता. "गुरुवारी हा प्रसंग परत घेतो, ताई. तोवर काहीतरी करा. गुरुवारीही असंच झालं तर माझा इलाज नाही. दुसऱ्या बाईंना सांगून ठेवतोय, राग मानू नका."

राग कसला मानते! तिला बसमध्ये रडू आलं, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "उतरायचंय का तुम्हाला?"

घरी दोन माणसं. नवरा, म्हणजे शाळेतले गणिताचे मास्तर, आणि सासूबाई. सासूबाईंनी उमेदीची तीस वर्षं चपलांच्या दुकानात गल्ला सांभाळला. गिऱ्हाईक दारात आलं की, घेणार का नुसतं घालून बघणार हे त्या तोंडावरून ओळखत. सहा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. यंत्र आणलं होतं, पण "कानात मुंगी भाषण करते" म्हणून त्यांनी ते पेटीत ठेवून दिलं. तेव्हापासून त्यांना सांगायचं ते पाटीवर लिहून सांगायचं. सून भरभर लिही, पाटी पुढे धरी आणि कामाला लागे.

सासूबाईंचा सगळा वेळ टीव्हीपुढे जायचा. आवाज बंद करून. ऐकूच येत नाही तर तो वाजवायचा कशाला? सहा वर्षं असे मुके सिनेमे बघून त्यांनी सगळ्या नटांना खुंट्यांवर टांगून ठेवलं होतं. "हा भुवयांचा. ही नाकपुड्यांची. आणि ह्या मेल्याला दुःख झालं की हा खिडकीशी जातो. दर दुःखाला खिडकी कुठून आणायची माणसानं?"

त्या संध्याकाळी आवाजताईनं पाटीवर सगळी हकिकत लिहिली. दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहावी लागली, इतकी मोठी. शेवटी लिहिलं, 'मला शिकवा.'

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. ही गोष्ट त्या घरात सहा वर्षांत घडली नव्हती.

"उभी राहा. दुःख कर."

आवाजताईनं दुःख केलं.

"दात दुखतोय?"

तिनं मान हलवली आणि पुन्हा केलं. आणखी जोर लावून.

"गॅस बंद करायला विसरलीस?"

"अहो आई!" ती ओरडली. ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडावीत असा तो आवाज. पण ऐकणार कोण?

"आता हे बरं होतं. हा राग होता ना?" सासूबाई म्हणाल्या. "आनंद कर." तिनं केला. "कुणाकडे न बोलावता जेवायला गेलीयेस," सासूबाईंनी निकाल दिला. मंगळवारभर हेच. भीतीला त्या 'शिंक अडकलीय' म्हणाल्या, मायेला 'झोप आलीय', आणि पश्चात्तापाला काही न म्हणता उठून पाणी प्यायल्या. आवाजताईनं आरशापुढे गाल दुखेपर्यंत कसरत केली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवारी सासूबाई म्हणाल्या, "नुसतं तोंड वाकडं करून काय होतंय? खरा प्रसंग करा. बाळा, तू मॅडम हो."

मास्तर वह्या तपासत होते. आईपुढे बोलायची प्राज्ञा नाही, बायकोपुढे तर मुळीच नाही. त्यांनी डोक्यावर टॉवेल घेतला, बायकोसमोर बसले आणि वर्गात पाढे म्हणावेत तसे सुरू झाले. "एक, दोन, तीन, चार, पाच…"

"अहो, भावनेनं म्हणा ना जरा!"

"सात या संख्येत भावना कुठून आणू? ती मूळ संख्या आहे."

सासूबाईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्या मुलाकडे बघतच नव्हत्या. सुनेकडे बघत होत्या, गल्ल्यामागून गिऱ्हाईकाकडे बघत तशा. एकदम त्यांनी काठी आपटली.

"थांबा! सापडलं. तू त्याच्या ओठांकडे बघतेस."

आवाजताईनं वळून सासूबाईंच्या ओठांकडे बघितलं.

"डोळ्यांत बघतच नाहीस. ओठांकडे बघत बसतेस, माशीवर टपलेल्या पालीसारखी. समोर माणूस आहे हे तुझ्या गावीही नसतं. मग चेहऱ्यावर येणार काय, कपाळ?" आणि मग त्यांचा आवाज खाली आला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज कधी किती खाली येईल याचा नेम नसतो. "माझ्याशीही तसंच. सहा वर्षं. पाटी धरतेस, मी बोलले की माझ्या ओठांकडे बघतेस, की निघालीस. लोक म्हणायचे, सुनेचा आवाज काय गोड हो तुमच्या! मला काय त्या गोडाचं? मला तोंड दिसायचं तेवढंच. आणि त्या तोंडावर काही नसायचं. मला वाटायचं, मी नकोशी झालेय हिला."

मास्तरांनी डोक्यावरचा टॉवेल काढला.

सहा वर्षं आवाजताई या बाईसाठी चहा ठेवताना गुणगुणत होती. पाटी धरताना 'आई, औषध घ्या हं' असं मायेनं म्हणत होती. सगळी माया गळ्यात ठेवली, आणि गळा तर या बाईपर्यंत पोहोचतच नव्हता! ती पाटी घ्यायला वळली. सासूबाईंनी पाटी उचलून मांडीखाली ठेवून दिली.

"लिहू नकोस. बघ."

तिनं बघितलं. म्हाताऱ्या डोळ्यांत पांढुरकी कड आली होती, कधीपासून कोण जाणे. आणि भीती होती. या काठी आपटणाऱ्या बाईला भीती! आवाजताई काही न करता नुसती बघत राहिली. तिला भुवया आठवल्या नाहीत की गाल आठवले नाहीत.

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी नाक पुसलं. "बरं बरं. कळलं. एवढं काही नको," त्या म्हणाल्या, आणि मुलावर खेकसल्या, "तू काय बघतोस? टॉवेल घे! आकडे म्हण!"

मास्तर पुन्हा सुरू झाले. पण आता बायको डोळ्यांत बघत होती. लग्नाला तेवीस वर्षं झालेली, आणि इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं, पूर्ण लक्ष देऊन, बघितलेलं नव्हतं. शाळेत तर नाहीच नाही. एकोणचाळीसपर्यंत ते कसेबसे गेले. चाळीस म्हणाले. मग बेचाळीस म्हणाले. मग पुन्हा चाळीस. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अगं, अशी बघू नकोस," ते म्हणाले, "मला मोजता येत नाहीये."

गुरुवारी आवाजताई सासूबाईंना घेऊनच सेटवर गेली. अजूनएकनं म्हातारीला खुर्ची दिली, कॅमेऱ्याच्या शेजारी. मॅडम आल्या. आवाजताईकडे न बघता बसल्या, आणि केशभूषेवाली म्हणाली, "मॅडम म्हणतात, आज एक शब्द जरी आला तरी त्या उठतील."

आवाजताईनं मान डोलावली. तोंडचं पाणी पळालं होतं, ते एका परीनं बरंच. बोलायची सोयच उरली नव्हती.

कॅमेरा सुरू झाला. तिनं शेंग फोडली. टक्. दाणे वाडग्यात पडले. मॅडम समोर येऊन बसल्या, ओठ हलू लागले, आणि तिची नजर सवयीनं तिकडे गेली. गेली तशी तिनं ती ओढून वर आणली. फार जड गेलं. खिळा उपटतात तसं.

आणि तिला मॅडम दिसल्या. अठरा वर्षं हा चेहरा तिनं पडद्यावर भिंतीएवढा बघितला होता, पुढेमागे फिरवून बघितला होता, पण ओठांच्या वर ती कधी गेलीच नव्हती. त्या डोळ्यांतलं पाणी सरावाचं होतं. पाण्यामागे मात्र एक धास्तावलेली बाई बसली होती, काळोखात जिना उतरावा तसा एकेक आकडा चाचपत उतरणारी. चुकले तर हसतील, असं सगळ्या तोंडावर लिहिलेलं. बाई गं, आवाजताईला वाटलं, अठरा वर्षं ही अशीच भितेय? तिचे हात शेंगेवर थांबले. ती मॅडमकडे बघत राहिली, लेकीकडे बघावं तशी.

अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. मॅडम अडखळल्या. पुन्हा एकवीस. ओठ थरथरले. बावीस काही येईना.

"अशी बघू नकोस गं," मॅडम म्हणाल्या.

मोठ्यानं. स्वतःच्या आवाजात. तो पत्रा, तो खिळा, सगळं तसंच. सेटवर एकाचंही पाऊल हललं नाही. आणि मग मॅडमनी सगळा संवाद म्हटला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही न चुकता. पाठांतराशी हाडवैर कसलं! बाईला प्रत्येक ओळ पाठ होती, बहुधा अठरा वर्षांतली प्रत्येक. "बाबा गेले तेव्हा मी आले नाही आई. कारण तू मला माफ करशील याचीच मला भीती वाटत होती." 'माफ'वर तो आवाज चिरकला, फाटला आणि फाटकाच पुढे गेला. आवाजताईनं दाण्यांचा वाडगा पुढे सरकवला. वाडगा टेबलावर खरखरत गेला, तेवढाच आवाज.

अजूनएकनं कॅमेरा थांबवला. मग म्हणाला, "झालं." लाइटवाल्यानं शिडीवरून वाकून बघितलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना म्हणून.

मॅडम ओंजळीत तोंड लपवून बसल्या होत्या. कुणी हसलं नव्हतं, हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. ध्वनिमुद्रकानं हेडफोन गळ्यात घेतला. "साहेब, आवाज स्वच्छ आलाय. पण… आवाज मॅडमचा आहे. आपला नेहमीचा नाही. लोक काय म्हणतील?"

अजूनएक आवाजताईकडे वळला. "ताई, या धंद्यात तुमच्यापेक्षा जाणतं कोणी नाही. तुम्हीच सांगा. हे नंतर डबिंगमध्ये नीट करून घ्यावं ना? तुम्ही म्हणाल तसं."

आली का पंचाईत! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिचं काम झालं होतं, छान झालं होतं, हे तिला कळत होतं. आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. दोन दिवस डबिंग करू, मखमली आवाज भरू, अठरा वर्षं चाललं तसं पुढेही चालेल. 'नाही' म्हटलं तर? हा आवाज एकदा लोकांनी ऐकला आणि हसले नाहीत, तर मॅडम पुन्हा कशाला आकडे म्हणतील? आणि मॅडम बोलू लागल्या, तर हिला कोण विचारतंय? आईची कामं काय, वर्षातून एखादं. मास्तर दोन वर्षांनी निवृत्त होणार. ओंजळीच्या फटीतून मॅडम तिच्याकडेच बघत होत्या.

आवाजताईनं घसा साफ केला. आणि तो अठरा वर्षं घासलेला, तेल पाजलेला आवाज काढला, नम्र, प्रामाणिक, ऐकणाऱ्यानं डोळे मिटून विश्वास ठेवावा असा.

"हो साहेब. डबिंगच करावं. चिरकलाय जरा. मी नीट करून देते."

निर्दोष वाक्य! त्यात कणभर खोट कुणाला सापडली नसती. पण अजूनएकनं डोळे मिटलेले नव्हते. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. मॅडम बघत होत्या. लाइटवाला शिडीवरून बघत होता. तिनं गाल आवळायचा प्रयत्न केला, बँकेतला कारकून आठवला, लिफ्ट आठवली. काही उपयोग होईना. तीन दिवस खपून उघडलेलं दार ते. आता लागतंय कुठलं!

सासूबाईंना शब्द काहीच ऐकू आले नव्हते. खुर्चीतून त्या सगळ्या सेटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खोटं बोलतेय ती. काय विचारलंत हो तिला?"

अजूनएकनं ध्वनिमुद्रकाला बोट दाखवून खूण केली. "हाच ठेव. हात लावू नकोस याला."

मॅडम उठल्या, आवाजताईजवळ आल्या. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, सवयीनं केशभूषेवालीला शोधलं, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "तुमचं नुकसान केलं मी." पत्र्यावर खिळा. आवाजताईनं त्यांचा हात थोपटला.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. पाटी सेटवरच राहिली होती. बराच वेळ सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग वळून त्यांनी सुनेचं तोंड नीट निरखलं, हनुवटीला बोट लावून उजेडाकडे वळवून निरखलं.

"काम गेलं ना तुझं?"

आवाजताई नुसती बघत राहिली.

"हं. म्हणजे गेलंच. फार वाईट वाटतंय. आणि…" सासूबाई आणखी जवळ वाकल्या. "आणि आनंदही झालाय मेलीला! दोन्ही एकदम! अगं, सहा वर्षं बघतेय मी, टीव्हीवर एकालाही जमत नाही हे. एक आलं की दुसरं पुसतात."

आवाजताई हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. बेसूर, खरखरीत, माइकपुढे कुणी चालवून घेतलं नसतं असं. आख्खी बस वळून बघू लागली.

"बघू देत," सासूबाई म्हणाल्या. "बघण्यासारखं आहे."